पद्मिनी पन्नाशीची झाली!

ऑफिसात कोणी 'तुझ्याकडे कुठली गाडी?' असं विचारलं की मी शांतपणे सांगते, 'इटालियन क्लासिक.' समोरच्याच्या डोळ्यांपुढे लाल फेरारी, समुद्राकाठचा वळणावळणाचा रस्ता, वाऱ्यावर उडणारा स्कार्फ वगैरे येतं. मग मी मोबाइलवरचा फोटो दाखवते. डोंबिवली पूर्वेला सोसायटीच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी उभी असलेली क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी. 'अगं, ही तर टॅक्सी!' असं दहांतले आठ जण म्हणतात. उरलेले दोघं म्हणतात, 'आमच्याकडेही होती,' आणि पुढची वीस मिनिटं कामाच्या नावाने बोंब.

पण 'इटालियन क्लासिक' ही काही नुसती फेकाफेक नाही. इटलीत 'ग्रान तुरिस्मो' नावाचा एक प्रकार आहे. आपण त्याला जीटी म्हणतो आणि हल्ली कुठल्याही हॅचबॅकच्या ढुंगणावर ती दोन अक्षरं चिकटवतो. मूळ कल्पना साधी होती: रेसच्या गाडीसारखी चपळ, पण सामान भरून, आरामात बसून लांबचा पल्ला गाठता येईल अशी मोटार. 1951 ची लान्चिया ऑरेलिया बी20 जीटी ही त्यातली आद्य मानली जाते. ती तुरिन शहरातली. दोन वर्षांनी, 1953 मध्ये, त्याच तुरिनमधून फियाट 1100 चं नवं मॉडेल आलं, दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या देखरेखीखाली तयार झालेलं. तिची एक जरा तिखट आवृत्तीही निघाली, 'तुरिस्मो वेलोचे', म्हणजे वेगवान प्रवासाची. ब्रेशिया ते रोम आणि परत अशा हजार मैलांच्या 'मिल्ले मिल्या' शर्यतीतही या 1100 धावल्या. तेव्हा आमची पद्मिनी जीटीच्या खानदानातली नसली, तरी त्याच गावातली आहे. माहेर चांगलं आहे हो तिचं!

सासर कुर्ल्याचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1954 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनू लागली. ती पहिली गुबगुबीत, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी गाडी म्हणजे मराठी घरांतली लाडकी 'डुक्कर फियाट'. नंतर 1964 मध्ये चौकोनी अंगाची 1100 डी 'डिलाइट' आली. तिचंच नाव 1972 मध्ये 'प्रेसिडेंट' झालं आणि 1974 मध्ये 'पद्मिनी'. इटलीत 1100 डी 1966 मध्येच संपली होती. आपण तोच साचा त्यानंतर जवळजवळ 35 वर्षं ओढला! गाडी फार ग्रेट होती म्हणून नव्हे, तर लायसन्स राजमध्ये दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून. मी तिची कितीही फॅन असले तरी हे मान्य करावंच लागेल.

ईएमआयवाल्या दोस्तांसाठी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी फियाट घेतली. किंमत 12,000 रुपये, जवळ 7,000. उरलेल्या 5,000 साठी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. 1966 मध्ये ते गेले तेव्हा कर्ज फिटलेलं नव्हतं. ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं.

आमची पद्मिनी 1975 ची. बाबांनी ती 1988 मध्ये ठाण्याला नौपाड्यातल्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. 1089 सीसीचं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. आजची साधी हॅचबॅकही तिला कल्याण-शीळ रस्त्यावर हसत मागे टाकते. (ट्रॅफिक नसेल तर. म्हणजे कधीच नाही.) सकाळी चोक ओढायचा, ती दोनदा खोकते, तिसऱ्यांदा सुरू होते. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, त्यामुळे पुढे सलग बाकड्यासारखी सीट. लहानपणी मी आई आणि बाबांच्या मधे बसायचे आणि मागे आजी, आत्या, दोन चुलतभाऊ. एसी नाही, पण दाराच्या पुढची ती त्रिकोणी काच अशी काही तिरकी वळवता येते की वारा थेट तोंडावर येतो.

आमचं ग्रान तुरिस्मो म्हणजे माळशेज. कल्याणहून मुरबाड, टोकावडे, मग घाट आणि वर जुन्नर. घाटात इंजिन तापलं की बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, डब्यातलं थालीपीठ खायचं. रेडिएटरला हात लावायचा नाही, वाट पाहायची. उतरताना ब्रेकवर उभं राहायचं नाही, चारही चाकांना ड्रमब्रेक, ते तापले की दगा देतात. दुसरा गिअर टाकून इंजिनलाच गाडी धरू द्यायची. हे मला बाबांनी शिकवलं, आणि आता कुठल्याही गाडीत घाट उतरताना माझा हात आपोआप गिअरकडे जातो.

अशी गाडी आज ठेवणं म्हणजे काय, तर मुख्यतः पार्ट्स शोधणं. याचं गणित मजेशीर आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या म्हणजे पद्मिनीच, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काहीही मिळायचं, तेही टॅक्सीवाल्याला परवडेल अशा भावात. टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदली गेली होती, म्हणजे 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावर एकही उरली नाही. त्या दिवशी सगळ्यांनी फेसबुकवर हळवे फोटो टाकले. आमच्या मेकॅनिककाकांनी चार कार्बोरेटर आणि दोन गिअरलिंकेज घेऊन ठेवले. प्रेमाची हीच पद्धत मला जास्त पटते. त्यात आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरची गॅस्केटं त्याने खराब होतात, ती नव्या धाटणीची बसवून घ्यावी लागली.

आणि आता खरा पेच. गाडी पन्नाशीची झाली. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' ही मानाची अक्षरं. मग ती भंगारात जाण्याची धास्ती नाही. पण रस्त्यावर काढायची ती प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच. दुसरा रस्ता म्हणजे नेहमीप्रमाणे दर 5 वर्षांनी कल्याण आरटीओत फिटनेस दाखवून नोंदणी वाढवणं. तिथे फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 झाली आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने 20 वर्षांवरच्या मोटारींसाठी 10,000. वर ग्रीन टॅक्स.

बाबा 'व्हीए'च्या बाजूने. गुडघ्यांमुळे त्यांचं चालवणं दोन वर्षांपूर्वी थांबलं.

'अगं, विंटेज म्हणजे तिचं पेन्शन. मान असतो त्याला.'

'बाबा, पेन्शनर फिरायला तरी जातात. हिला गेटबाहेर पडायला रॅलीचं आमंत्रण लागेल.'

'आणि तू नाही जपलीस तर?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण प्रश्न रास्त आहे. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला चालली आहे. तीन वर्षं भाड्याच्या घरात, तिथे एकच पार्किंग, आणि नव्या टॉवरमधलं पार्किंग यांत्रिक. 35,000 देऊन उचलून नेणारा भंगारवाला दोनदा येऊन गेला आहे, दुसऱ्यांदा पेढे घेऊन.

चार रविवार हा वाद चालला. शेवटी मी माझी नवी गाडी विकली. ऑफिसला ठाण्यापर्यंत तशीही लोकलच बरी. भाड्याच्या घराचं ते एक पार्किंग पद्मिनीचं. नोंदणी साधीच ठेवायची, 10,000 मी भरायचे, आणि पुढच्या फिटनेसला जर तिने मान टाकली तर 'व्हीए', ही बाबांची अट मला मान्य.

त्यांची आणखी एक अट आहे. आरटीओची तारीख मिळाली आहे पुढच्या मंगळवारची. त्याआधी एकदा माळशेजला न्यायची, आणि घाटात ते पुढच्या सीटवर बसणार. मधली जागा यावेळी थालीपिठाच्या डब्याची.