घरचे कागद आणि सर्वांचा इतिहास

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळांत किंवा एखाद्या पेटाऱ्याच्या तळाशीं जाड कापडांत बांधलेलें एक गाठोडें पुष्कळ वेळां आढळतें. त्या चौकोनी कापडाला दप्तराच्या भाषेंत रुमाल म्हणतात. रुमालांत पुडकीं, पुडक्यांत कागद आणि कागदांवर मोडी अक्षर, अशी ही मांडणी असते. घरांतील मंडळींना त्यांतील एकहि ओळ लागत नसते. तथापि पूर्वजांची ठेव म्हणून सणावारीं त्यावर फूल वाहिलें जातें आणि गाठ पुन्हां आवळली जाते. अशा ठेवीला वारसा म्हणावें काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जें कार्य केलें, त्याचें मर्म ह्याच प्रश्नांत आहे. कागद नुसता जपल्यानें तो समाजाचा होत नाहीं. तो कोणाहि जाणत्या माणसाला वाचतां यावा, दुसऱ्या कागदाशीं ताडून पाहतां यावा आणि प्रसंगीं खोटाहि ठरवितां यावा, अशा स्थितींत आणला म्हणजेच तो सर्वांचा होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मराठ्यांचा इतिहास लिहावयाचा तर आधार कशाचा घ्यावा, असा पेंच नव्या शिकलेल्या पिढीपुढें पडला. ग्रँट डफचा इंग्रजी इतिहास १८२६ सालींच प्रसिद्ध झालेला होता. बखरीहि हातोहात फिरत होत्या. परंतु ज्या पत्रांवर प्रत्यक्ष राज्यकारभार चालला, तीं मूळ पत्रें लोकांच्या दृष्टीस पडत नव्हतीं. पेशव्यांचें प्रचंड दप्तर सरकारच्या ताब्यांत होतें आणि सामान्य अभ्यासकाला त्यांत सहज प्रवेश नव्हता. त्यांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं ४५ भागांत प्रसिद्ध झाले, ते पुढें १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत. खासगी दप्तरांची अडचण निराळी होती. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें लोकांच्या सनदा तपासल्या आणि पुष्कळ इनामें खालसा केलीं. ह्या अनुभवानंतर कागद पाहावयास आलेल्या परक्या माणसाकडे वतनदार संशयानें पाहूं लागला, तर त्यांत नवल तें काय? त्याच्या दृष्टीनें कागद हा इतिहास नव्हताच. तो हक्काचा पुरावा होता आणि तो दुसऱ्याच्या हातीं देणें म्हणजे जमीन दुसऱ्याच्या हातीं देण्यासारखें होतें.

ही कोंडी फोडण्याचे यत्न प्रथम व्यक्तींनीं केले. १८७८ सालीं ‘काव्येतिहाससंग्रह’ हें मासिक निघालें व त्यांतून बखरी, पत्रें आणि जुनीं काव्यें छापून येऊं लागलीं. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें प्रसिद्ध करण्याचें व्रत घेतलें. १८९८ सालीं विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड काढला. १७५० पासून पानिपतच्या १७६१ सालापर्यंतचीं पत्रें त्यांत होतीं. पुढें ह्या मालेचे एकंदर २२ खंड झाले. गांवोगांव हिंडावें, दप्तरवाल्याची मनधरणी करावी, मिळालेला कागद उतरून घ्यावा आणि छापण्यासाठीं पैसा उभा करावा, हा राजवाड्यांचा जन्मभराचा उद्योग होता. परंतु एका माणसाचा व्यासंग कितीहि मोठा असला तरी त्याला आयुष्याची मर्यादा असते. आणि त्यानें जमविलेला संग्रह त्याच्या मागें कोठें जाईल ह्याचाहि भरंवसा नसतो. म्हणून ७ जुलै १९१० रोजीं राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनीं पुणें येथें भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली.

मंडळानें कागद जमविले, ही अर्थात् मोठीच कामगिरी झाली. आज त्याच्या सदाशिव पेठेंतील वास्तूंत सुमारें १५ लाख कागद आणि ३० हजारांच्या आसपास हस्तलिखितें आहेत. शिवाय नाणीं, चित्रें, ताम्रपट, शिल्पें व शस्त्रें आहेत तीं निराळींच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागद लोकांपुढें मांडण्याची जी रीत मंडळानें घालून दिली ती होय. सभासदानें एखादा कागद मिळविला म्हणजे तो सभेंत वाचावयाचा, कोणत्या गांवीं व कोणत्या घराण्यांत मिळाला तें सांगावयाचें, त्यावर इतरांनीं शंका घ्यावयाच्या, आणि मग तो मूळ शब्दांसह छापावयाचा. सभा, संमेलनांचीं वृत्तें आणि त्रैमासिक ह्या तीन मार्गांनीं हे कागद दूरच्या वाचकापर्यंत जाऊं लागले. ज्याला पुण्यास येणें शक्य नव्हतें, असा एखाद्या तालुक्याच्या गांवचा शाळामास्तरहि तो उतारा वाचून, आपल्या गांवच्या देशमुखाकडे त्याच प्रकरणाचा दुसरा कागद आहे, असें कळवूं शकत होता. अशा रीतीनें वाचकहि संशोधनाचा भागीदार झाला.

ह्या रीतीचें फळ काय मिळालें, हें शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. बखरींच्या आधारें वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, ही तिथि बराच काळ मानली जात होती. भोरजवळील कारी येथें राहणाऱ्या जेधे देशमुखांच्या घराण्यांत एक शकावली होती. शकावली म्हणजे शकवार दिलेली घटनांची टांचणें. तींत वर्णन नाहीं, अलंकार नाहीं, कोणाची स्तुति नाहीं. लोकमान्य टिळकांनीं ही शकावली मिळविली आणि १९१६ सालीं ती मंडळाच्या संमेलनवृत्तांत प्रसिद्ध झाली. तींत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेस, शिवनेरीवर झाल्याची नोंद होती. इंग्रजी गणनेप्रमाणें ती तारीख १९ फेब्रुवारी १६३० अशी येते.

एका घरांतील एका कागदावर विसंबून दीर्घकाळ मानलेली तिथि कोणी सोडून द्यावी, असा आग्रह धरणें योग्य झालें नसतें, आणि तसें घडलेंहि नाहीं. शकावलींतील इतर नोंदी ज्ञात घटनांशीं ताडून पाहण्यांत आल्या. तिथि आणि वार यांचा मेळ गणितानें तपासला गेला. पुढें परमानंदकृत संस्कृत ‘शिवभारत’ १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. तें महाराजांच्याच काळांतील काव्य, त्याची प्रत दूर तंजावरास सांपडलेली, आणि त्यांत नेमकी तीच तिथि! दोन साधनें, एक मावळांतील वतनदाराच्या घरचें व दुसरें दक्षिणेंतील ग्रंथसंग्रहांतलें, एकमेकांस दुजोरा देऊं लागलीं. तरीहि वाद अनेक दशकें चालला. अखेर २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. जेध्यांचा तो कागद रुमालांतच राहिला असता, तर हा वाद सुरूहि झाला नसता आणि मिटलाहि नसता.

कागद छापल्यानें सर्व कार्य उरकतें असेंहि नाहीं, कारण जुना कागद वाचणें हीच मुळांत एक विद्या आहे. मोडी लिहिणारा कारकून आधीं आडवी रेघ ओढी आणि मग बोरू शक्य तितका न उचलतां अक्षरें तिला लटकावीत जाई. त्यांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात आणि विरामचिन्हें तर नसतातच. अक्षर लागलें तरी काळ लागावयाचा राहतो. पत्रांत वर्ष पुष्कळदां अरबी शब्दांनीं दिलेलें असतें. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात् ११६१ हा सुहूर सन. हें वर्ष मृगाच्या सुमारास बदलतें. म्हणून त्यांत पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढें ६०० मिळवावे लागतात. तेव्हां ह्या सनाचें वर्ष १७६० च्या पावसाळ्याच्या तोंडाशीं सुरू होऊन १७६१ च्या उन्हाळ्यांत संपतें, आणि पानिपतची लढाई त्याच्या पोटांत पडते. ‘छ’ हें अक्षर आलें कीं पुढील आंकडा मुसलमानी महिन्यांतील चंद्राचा दिवस दाखवितो. एवढें ध्यानांत न घेतां लावलेली तारीख महिन्यांनीं, कधीं वर्षानेंहि चुकते. आणि तारीख चुकली कीं कारणाच्या जागीं कार्य आणि कार्याच्या जागीं कारण येऊन बसतें.

जें कागदांचें तेंच वस्तूंचें. शिवराई हें तांब्याचें नाणें पुष्कळ घरांत आढळतें. त्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असतात. तें हातीं लागतांच महाराजांच्या हयातींतील नाणें मिळालें म्हणून घरांत आनंद होतो. परंतु हींच अक्षरें कायम ठेवून शिवराया पुढें पेशवाईंतहि पाडल्या जात होत्या आणि इंग्रजी अमलांतहि बाजारांत चालत होत्या. अक्षरांची घडण, वजन आणि खुणा शेंकडों नाण्यांशीं ताडून पाहिल्यावांचून अमुक शिवराई अमुक काळची असें म्हणतां येत नाहीं. एकटें नाणें मुकें असतें. तें संग्रहांत आपल्या जातीच्या नाण्यांमध्यें जाऊन बसलें म्हणजे बोलूं लागतें. संग्रहालयाचा खरा उपयोग हा आहे; कांचेच्या कपाटांतील वस्तु पाहून नमस्कार करणें हा त्याचा अगदींच लहान भाग होय.

अशा उघड तपासणीला एक किंमत द्यावी लागते, हें मात्र मान्य केलें पाहिजे. दप्तर उघडलें म्हणजे घराण्याच्या अभिमानाला पोषक असेंच कांहीं निघेल ह्याची हमी नाहीं. ज्या पूर्वजाचा पराक्रम आजीनें सांगितला, त्याच्या नांवें एखादें कर्जाचें खत निघतें. जी सनद देवाप्रमाणें पूजली, ती मागाहून बनविलेली ठरते. भाऊबंदकीचे निवाडे तर जवळजवळ प्रत्येक वतनी दप्तरांत आहेत. पण शेतसारा किती होता, दुष्काळांत लोकांनीं काय केलें, पंचायत कशी बसे, बाईमाणसाला वांटा कितपत मिळे, हें सर्व त्याच कागदांतून कळतें. राजांच्या लढायांपेक्षां सामान्य माणसाचें जिणें जाणून घ्यावयाचें असेल, तर घरचा हा कमीपणाचा वाटणारा कागदच अधिक मोलाचा ठरतो.

मंडळाच्या कार्यांत आणखी एक गोष्ट पहिल्यापासून होती. संग्रहाबरोबर तो वाचणारीं माणसें तयार करावयाचीं, ही ती गोष्ट होय. दत्तो वामन पोतदार यांनीं मंडळाचा कारभार दीर्घकाळ वाहिला. गणेश हरि खरे यांनीं मंडळांत राहून फारसी कागदांचा अभ्यास केला आणि ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ ह्या मालेनें तो केवळ मराठी जाणणाऱ्या वाचकापर्यंत पोंचविला. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी शाळांतून गेली, आणि जी लिपि आजोबा सहज वाचीत ती नातवाला परकी झाली. तेव्हांपासून मोडी शिकविण्याच्या वर्गांचें महत्त्व संग्रहाच्या इमारतीइतकेंच ठरलें आहे. आज कागदाची प्रतिमा घेऊन ती क्षणांत दूरदेशीं पाठवितां येते, ही सोय मोठी आहे. परंतु न वाचलेल्या कागदाच्या लाख प्रतिमा केल्या तरी न वाचलेला कागदच लाख पटीनें वाढतो.

अद्यापि असंख्य रुमाल घरोघर बांधलेलेच आहेत, आणि वाळवी, ओल व रद्दी हे त्यांचे तीन वैरी स्वस्थ बसलेले नाहींत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां एका दिवसांत किती घरांचे कागद गेले असतील ह्याची कल्पनाच केलेली बरी. म्हणून ज्याच्या घरीं असें दप्तर असेल त्यानें थोडी दक्षता घ्यावी. पुडक्यांचा मूळ क्रम मोडूं नये, कारण कोणता कागद कोणाशेजारीं होता हाहि पुरावाच असतो. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये, कागद प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांत कायमचा बंद करूं नये, कडक उन्हांत वाळवूं नये आणि त्यावर नव्या शाईनें कांहीं लिहूं नये. कोरड्या, हवेशीर जागीं वेखंडाचे तुकडे घालून ठेवण्याची जुनी रीत अजूनहि उपयोगी आहे. घराण्याविषयीं वडील माणसें जें सांगतात तें निराळ्या कागदावर टिपून त्यासोबत ठेवावें. ऐतिहासिक महत्त्वाचीं ७५ वर्षांहून जुनीं हस्तलिखितें व कागदपत्रें १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुराणवस्तूंत मोडतात व तीं खासगी रीतीनें देशाबाहेर नेतां येत नाहींत, हेंहि लक्षांत असावें.

आणि मुख्य म्हणजे, तो रुमाल एकदां जाणत्या माणसापुढें सोडावा. मूळ कागद संस्थेला देणें कोणाला जड वाटल्यास निदान त्याची नक्कल व यादी तरी होऊं द्यावी. इनाम कमिशनच्या काळीं कागद दाखविण्यांत घर बुडण्याची भीति होती. ती भीति कधींच सरली. आतां न दाखविण्यांतच धोका उरला आहे, कारण वाचणारीं माणसें थोडीं आहेत आणि कागदाचें आयुष्य दरवर्षीं कमी होत आहे. कारीच्या एका घरानें आपलें दप्तर उघडलें म्हणून एका थोर राजाचा जन्मदिवस साऱ्या महाराष्ट्राला सांपडला. दुसऱ्या कोणत्या घरांत काय दडलें आहे, तें गांठ सुटल्यावांचून कोणालाच कळावयाचें नाहीं.