मोहाची दारू
मोहाची दारू हे मोह वृक्षाची फुले आंबवून व त्यांचे ऊर्ध्वपातन करून तयार केले जाणारे मद्य आहे. खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शिरपूर, चोपडा व यावल तालुक्यांतील भिल्ल आणि पावरा समाजांत ती परंपरेने प्रचलित आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळालेली, शर्करायुक्त फुले वेचून वाळवतात. वाळलेली फुले टिकत असल्याने शरद ऋतूतील सणांसाठीही दारू गाळता येते. टंचाईच्या काळात हीच फुले अन्न म्हणून खाल्ली जात. देवपूजा व लग्नविधींत या दारूला मान आहे; मात्र १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमानुसार ती परवान्याविना गाळणे गुन्हा ठरतो. त्यामुळे परंपरेने विहित असलेली गोष्ट कायद्याने निषिद्ध ठरते.