मकबऱ्याच्या दारावरील गणिती

आमच्या छत्रपति संभाजीनगरास, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेस, आलेला पाहुणा बीबी का मकबरा पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. आणि पाहिल्यावर ‘ताजमहालाची नक्कल’ एवढें बोलून मोकळा होतो. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू इ. स. १६५७ सालीं वारली, तिच्या कबरीवरची ही इमारत. घुमट संगमरवरी, पण मधल्या भिंती साध्या दगडाच्या व गिलाव्याच्या. त्यामुळें तिच्या वांट्यास हिणवणीच फार आली. वाचकांपैकीं कोणी पुन्हां तेथें गेलेच, तर त्यांनीं मुख्य प्रवेशद्वारापाशीं क्षणभर थांबावें. तेथील लेखांत ही इमारत योजणारा म्हणून अताउल्ला आणि बांधकामाचा जाणकार म्हणून हंसपतराय, अशीं दोन नांवें आहेत.

ताजमहालाचे मुख्य वास्तुकार म्हणून उस्ताद अहमद लाहोरी ओळखले जातात. अताउल्ला रशीदी हा त्यांचाच मुलगा. बापाच्या रचनेवर मुलानें रचना केली तर तिला नक्कल म्हणावें कीं घराण्याची विद्या म्हणावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आम्हांस त्याची दुसरी ओळख अधिक मोलाची वाटते. इ. स. १६३४–३५ च्या सुमारास या अताउल्लानें भास्कराचार्यांचा ‘बीजगणित’ हा ग्रंथ संस्कृतांतून फारसींत उतरवून शाहजहानास अर्पण केला. अकबराच्या आज्ञेनें फैजीनें १५८७ सालीं केलेलें ‘लीलावती’चें भाषांतर पुष्कळांस ऐकून ठाऊक असतें; आमच्या संस्कृतच्या गुरुजनांनींही तेवढेंच सांगितलें. अताउल्लाचें नांव कोणीं काढलें नाहीं.

आणि काम तर याचेंच अवघड. ‘लीलावती’ पोरासोरांसही गोडी लावते. ‘बीजगणित’ तसें नव्हे. शके १०७२ मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, आचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणि रचिला. हा त्याचा एक भाग. अव्यक्त राशींना कालक, नीलक, पीतक अशीं रंगांचीं नांवें देऊन त्यांत समीकरणें सोडविलीं आहेत. त्यांतील एक प्रश्न पाहा. असा कोणता वर्ग आहे कीं, त्यास एकसष्टानें गुणून एक मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्गच यावा? शाळेंत आम्ही हें फळ्यावर लिहीत असूं, तेव्हां मुलें प्रथम हंसत आणि तासाअखेर गप्प होत. कारण लहानांत लहान पूर्णांक उत्तरासाठीं ज्या संख्येचा वर्ग घ्यावा लागतो ती २२,६१,५३,९८० आहे. आचार्यांनीं ती चक्रवाल रीतीनें कांहीं थोड्या पायऱ्यांत काढिली. फ्रान्समधील फर्मा यानें हाच एकसष्टाचा प्रश्न आपल्या काळच्या गणितज्ञांपुढें आव्हान म्हणून टाकिला, तो १६५७ सालीं; म्हणजे दिलरसबानू वारली त्याच वर्षीं.

अशा ग्रंथास नुसता भाषाकोविद पुरा पडला नसता. फारसी जाणणाऱ्या विद्वानांस बीजगणिताची स्वतःची परंपरा होती. नवव्या शतकांत बगदादेस राहून अल्-ख्वारिज्मीनें लिहिलेल्या ग्रंथाच्या नांवांतील ‘अल्-जब्र’ या शब्दावरूनच युरोपांत या शास्त्रास नांव पडलें. हीं दोन गणितें एका मनांत जुळवून पाहणारा माणूस लागत होता, आणि तो स्थपतीच्या घरांत निघाला.

या इमारतीपासून कन्नडचा घाट फार दूर नाहीं. तो उतरलें कीं चाळीसगांव तालुक्यांतील पाटण लागतें. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून तेथें मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे, आणि तो विद्वानांपुढें आणिला डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं. म्हणजे ज्या डोंगराच्या पायथ्याशीं हा ग्रंथ घोकला गेला, त्याच्याच अलीकडच्या अंगास त्याचा फारसी भाषांतरकार उतारवयांत इमारत बांधावयास आला. पाटणचें नांव त्याच्या कानीं गेलें होतें कीं काय, कोण जाणे!

पुढें १८१३ सालीं एडवर्ड स्ट्रेची यानें ‘बीजगणित’ इंग्रजींत आणिलें, तें अताउल्लाच्या फारसी प्रतीवरूनच. मूळ संस्कृतावरून केलेलें कोलब्रुकचें भाषांतर त्यानंतर चार वर्षांनीं निघालें.