सहा महिने थांबा, पण पोच घ्या!

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण हसतहसत वापरतो. पण महाराष्ट्रात या म्हणीविरुद्ध चक्क कायदा झालेला आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे नियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध, असा त्याचा दुहेरी विषय. त्याच्या नावात वर्ष आहे २००५, अमलात तो आला १ जुलै २००६ रोजी. विलंब थांबवणाऱ्या कायद्यालाही थोडा विलंब व्हायचाच!

हा कायदा म्हणतो, की कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे कामाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर ४५ दिवसांत आणि असेल तर ३ महिन्यांत निर्णय व्हावा. कोणते काम किती दिवसांत होईल, हे सांगणारी ‘नागरिकांची सनद’ प्रत्येक कार्यालयाने प्रसिद्ध करावी. या सनदेसाठी कायद्याने मुदत किती दिली? सहा महिने! म्हण अशी अंगवळणी पडलेली असते.

मग एवढा कायदा असून म्हण जिवंत कशी? कारण फाईल पडून राहत नाही, ती फिरत राहते. एका टेबलावर सहाव्या दिवशी ‘चर्चा करावी’ असा शेरा, दुसऱ्यावर ‘अभिप्रायार्थ सादर’, तिसऱ्यावर ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे’. प्रत्येकाने ७ दिवसांचा नियम पाळला, काम मात्र जागच्या जागी! जाणूनबुजून दिरंगाई झाली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, पण ती करायची त्याच खात्यातल्या वरिष्ठांनी. म्हणजे झारीतला शुक्राचार्य शोधायचे काम त्याच्याच भावकीकडे.

खरा चिमटा बसला तो माहितीच्या अधिकाराने. हा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. ३० दिवसांत माहिती दिली नाही, तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, आणि तोही खात्याला नव्हे, त्या अधिकाऱ्याला. यातही एक फट आहेच. पहिल्या अपिलाला मुदत आहे, पण माहिती आयोगाने दुसरे अपील किती दिवसांत निकाली काढावे, हे कायदा सांगत नाही. आपल्या राज्याने तर २०१२ साली नियम केला, की अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा. सरकारी टिपणीला शब्दमर्यादा नाही, नागरिकाच्या प्रश्नाला आहे!

पुढे २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा आला. त्यात ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण ती सेवा सरकारने अधिसूचित केलेली हवी.

या तिन्ही कायद्यांचा हात पोचतो तो कर्मचारी-अधिकाऱ्यांपर्यंत. फाईल मंत्र्यांच्या टेबलावर थांबली, तर ७ दिवस मोजायचे कुणी? मंत्री काही कर्मचारी नव्हेत. त्यांनी उत्तर द्यायचे ते विधिमंडळात. इकडे सातबाऱ्यावरची वारसनोंद अडली म्हणून एखाद्याचे पीककर्ज अडते, पतीच्या मागे मिळणारे निवृत्तिवेतन मंजूर व्हायचे म्हणून एखादी बाई हेलपाटे घालते. तिच्या घरची चूल सहा महिने थांबत नाही.

मग आपण करायचे काय? अर्ज दिला की शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्यायची. तोंडी ‘बघतो’ याला पोच म्हणत नाहीत. मुदत उलटली, की माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून एवढेच विचारायचे: माझा अर्ज कोणाकडे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, आणि त्यावर काय शेरा मारला? हा प्रश्न १५० शब्दांत सहज बसतो. उत्तरात मंत्र्यांचे टेबल आले, तर तो कागद घेऊन आमदारांकडे जायचे आणि सभागृहात तारांकित प्रश्न विचारा म्हणायचे.

‘शासन’, ‘प्रशासन’, ‘यंत्रणा’ या शब्दांआड कुणालाही लपता येते. टेबल आणि तारीख कागदावर आली, की लपायला जागा उरत नाही.