थेंबे थेंबे रविवार!

रविवारची सकाळ, दारावरची बेल. मीरा रोडच्या काही बिल्डिंगमध्ये २००७ साली दार उघडल्यावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ दिसायचे. सोबत प्लंबर आणि एक कार्यकर्ती. घरातला कुठला नळ गळतोय का, एवढीच विचारणा. गळत असेल तर दुरुस्ती तिथल्या तिथे, आणि चक्क फुकट!

हे होते आबिद सुरती. ‘धर्मयुग’मधले ढब्बूजी त्यांचेच, इंद्रजाल कॉमिक्सचा ‘बहादूर’ही त्यांचाच. (आठवत नसेल तर बाबांना विचारा, डोळे चमकतील.) जन्म १९३५ चा, म्हणजे तेव्हा वय ७२. कादंबऱ्या, व्यंगचित्रं, १९९३ चा राष्ट्रीय पुरस्कार, सगळं करून झालेलं. नुसते हारतुरे स्वीकारत बसले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं.

पण गळक्या नळाची टपटप त्यांना सहन होईना. बादलीभर पाण्यासाठीची भांडणं त्यांनी लहानपणी मुंबईत पाहिलेली. सेकंदाला एक थेंब म्हणजे महिन्याला जवळपास हजार लिटर, हे वाचलं आणि डोक्यात भुंगा सुरू झाला.

गंमत म्हणजे दुखणं अगदी साधं. बहुतेक वेळा आतला रबरी वॉशर झिजलेला असतो, किंमत जेमतेम काही रुपये. पण एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही आणि आपणही ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणत खाली बादली लावतो. सुरतींनी तेवढंच काम उचललं. एका साहित्य पुरस्काराचे लाख रुपये हाताशी होते, त्यातून ‘ड्रॉप डेड’ ही एकखांबी संस्था उभी राहिली. आधी सेक्रेटरीची परवानगी, शनिवारी घरोघरी पत्रकं, रविवारी स्वारी हजर. घरात बायका असल्या तरी दार निःशंक उघडावं म्हणून सोबत कार्यकर्ती. पहिल्या वर्षात १,६६६ घरं आणि ४१४ नळ!

आपल्यापैकी अनेकांचे आई-बाबा आता रिटायरमेंटला आलेत. आपण त्यांना स्मार्टफोन देतो, चारधामची टूर बुक करतो. टूरवरून परतल्यानंतरच्या सोमवारचं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. सुरतींचा रविवार ठरलेला होता, त्यामुळे शनिवारलाही काम मिळालं. ‘समाजसेवा’ वगैरे भारदस्त शब्दांनी माणूस दबतो. गळका नळ कसा, संध्याकाळपर्यंत बंद झालेला दिसतो.

तेव्हा या वीकेंडला बाबांना घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठा. एक प्लंबर, मूठभर वॉशर आणि अर्धा दिवस, बस्स. आणि हो, सुरुवात तुमच्याच बाथरूमपासून!