दिवाळीचा किल्ला आणि नाताळचा गोठा

महाडपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड हे गाव वसलेले आहे. राजमाता जिजाऊंचा वाडा आणि त्यांची समाधी याच गावात आहे. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, जिजाऊंनी पाचाड येथे देह ठेवला.

या गावाची आठवण आज आम्ही एका वेगळ्याच कारणाने काढीत आहोत. आगमनकाळ सुरू झाला की घर कसे सजवावे, गोठा केवढा असावा, त्यासाठी किती खर्च करावा, हे प्रश्न आपल्या घराघरांत निघू लागतात. या प्रश्नांचे उत्तर दीड-दोन महिने आधीच, दिवाळीच्या सुट्टीत, महाराष्ट्रातील मुलांनी देऊन ठेवलेले असते. ते उत्तर म्हणजे अंगणातील मातीचा किल्ला होय.

किल्ला कशाचा बनतो?

दिवाळीचा किल्ला विकत आणावा लागत नाही. अंगणातील दगड, फुटक्या विटा, कौलांचे तुकडे आणि जुने गोणपाट एवढे साहित्य त्याला पुरते. दगड-विटांचा ढीग रचायचा, पातळ चिखलात बुचकळलेले गोणपाट त्यावर पसरायचे, त्याच्या चुण्यांना डोंगराचा आकार द्यायचा आणि वरून ओली माती थापायची. तटबंदीला खडे, पायऱ्यांना काड्या, तळ्याला पत्र्याचा डबा. वर मोहरी किंवा अळीव पेरले की चार-सहा दिवसांत डोंगर हिरवा होतो. विकत आणायचे ते फक्त मातीचे मावळे आणि त्यांच्या सोबतीने बाजारात मिळणाऱ्या गवळणी, शेतकरी, गाई. तेही मागील वर्षीचे जपून ठेवलेले असतात.

या किल्ल्याचा एक गुण आमच्या मनात फार ठसला आहे. वाड्यातील मुलाचा किल्ला आणि झोपडीतील मुलाचा किल्ला एकाच मातीचा असतो. कोणाचा किल्ला चांगला, हे हातांच्या कसबावर आणि कल्पनेवर ठरते. वडिलांच्या पगारावर नव्हे.

आपल्या नाताळच्या सजावटीविषयी आज असे म्हणता येईल काय? बाजारातून तयार गोठा, प्लॅस्टिकचे झाड, कृत्रिम हिरवळ आणि दिव्यांच्या माळा आणल्या की सजावट तासाभरात उरकते. परंतु शेजारच्या घरात आपल्यापेक्षा मोठा गोठा आला, या एका कारणाने एखादे मूल आपल्या घरच्या साध्या गोठ्याकडे पाहून खजील होते. आई-बाप ते पाहतात आणि पुढील वर्षी, प्रसंगी उसनवारी करून, अधिक खर्च करतात. ज्या बाळाला जन्मसमयी गव्हाणीत निजवावे लागले त्याच्या सणाच्या नावाने गरिबाच्या मुलाला लाज वाटावी, ही साधी बाब नव्हे.

गोठ्याचा मूळ धडा

संत लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळांना दिलेली खूण गव्हाणीची आहे. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून हाताशी जे होते त्याचाच पाळणा झाला. गव्हाण ही मुळातच दुसऱ्याच कामासाठी बनलेली, वापरलेली वस्तू होती. बैल आणि गाढव यांचा उल्लेख लूकने केलेला नाही. यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातील वचनावरून ते परंपरेने गोठ्यात आले.

गोठा उभारण्याची प्रथा लोकप्रिय झाली ती असिसीकर संत फ्रान्सिस यांच्यामुळे. १२२३ सालच्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी त्यांनी एका ओळखीच्या गृहस्थाकरवी गव्हाण, चारा, एक बैल आणि एक गाढव आणवले व तेथे मिस्साबलिदान झाले. तेथे मूर्ती नव्हत्या, रंगीत पडदे नव्हते. होते ते गावच्या गोठ्यातील नेहमीचे सामान. त्यांचे चरित्रकार चेलानोचे थॉमस लिहितात की, तो चारा पुढे लोकांनी जपून ठेवला. या घटनेला २०२३ साली ८०० वर्षे पूर्ण झाली. तत्पूर्वी, १ डिसेंबर २०१९ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो येथेच गोठ्याविषयीच्या प्रेषितीय पत्रावर स्वाक्षरी केली आणि घरी, शाळेत, रुग्णालयात, कामाच्या ठिकाणी गोठा उभारण्याची प्रथा जोपासावी, असे आवाहन केले.

इतर देशांतही गोठ्याची कला सामान्यांच्या हातांनीच वाढली. फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात राज्यक्रांतीच्या काळात चर्चचे दरवाजे बंद झाले, तेव्हा लोकांनी घरात छोटे गोठे मांडले. मातीच्या लहान मूर्तींची मार्सेय शहरातील जत्रा १८०३ पासून भरते आहे. त्या मूर्तींत मेंढपाळांबरोबर कोळीण, पाववाला आणि पाणक्याही असतो. सारा गावच बाळाच्या भेटीला येतो. पोलंडमधील क्राकूव्ह शहरात थंडीमुळे काम बंद पडलेले गवंडी पुठ्ठा आणि चकचकीत रंगीत कागद यांतून गोठे बनवीत. त्या कलेला २०१८ साली युनेस्कोच्या सूचीत स्थान मिळाले.

आपल्या कोकणाची रीत

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? गोव्यात गणपतीच्या मूर्तीवर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातील फळे, फुले, वेली, सुपारीचे घोस आणि परसातील भाज्या टांगल्या की सजावट पूर्ण होते. कोकणातील अनेक घरांत गौर म्हणून तेरड्याची रोपेच आणली जातात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो. परंतु सणाच्या सजावटीला मुळात तीन दिवसच टिकायचे असते. सण सरला की ती मातीत मिसळून जाते. थर्माकोल मात्र कित्येक पिढ्या कुजत नाही. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे त्यावर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली.

घरच्या घरी काय करता येईल?

डोंगर व गुहा : अंगण असल्यास किल्ल्याचीच रीत वापरावी. सदनिकेत राहणाऱ्यांनी जुनी वर्तमानपत्रे चुरगाळून, कणकेच्या खळीने एकमेकांवर चिकटवावीत आणि वाळल्यावर गेरू व कोळशाची पूड चोळावी. दगडाचा हुबेहूब भास होतो.

गोठा : मे महिन्यात आलेली आंब्याची लाकडी पेटी बहुधा माळ्यावर पडून असते. ती आडवी ठेवली की गोठा तयार. छपराला पेंढा शाकारावा. भातकापणी नुकतीच उरकलेली असल्याने महाड-पोलादपूरच्या बाजूला पेंढ्याला तोटा नसतो.

हिरवळ : नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवून, नारळाच्या करवंट्यांत माती घालून १२ ते १४ डिसेंबरच्या सुमारास पेरावेत. दोन दिवस झाकून ठेवून नंतर उजेडात आणावेत आणि रोज पाणी शिंपडावे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी गोठ्याभोवती कोवळे शेत उभे राहते. प्रोव्हान्समध्ये ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाच्या दिवशी, असेच गहू बशीत पेरतात.

मूर्ती : पवित्र कुटुंबाच्या जुन्या मूर्तीचा टवका उडाला असेल, तर ती टाकून न देता शाडू आणि रंग लावून दुरुस्त करावी. मेंढपाळांच्या जागी दिवाळीतील गवळणी, शेतकरी आणि गाई खुशाल मांडाव्यात. बाळाच्या भेटीला आपल्याच गावची माणसे आली, तर त्यात वावगे काहीच नाही.

तारा : समान लांबीच्या पाच कामट्या एकमेकींवर तिरप्या बांधल्या की पाच टोकांचा तारा होतो. असे दोन तारे करून त्यांची टोके जोडावीत आणि आतील पाच छेदांपाशी आखूड काड्या अडकवाव्यात, म्हणजे मध्यभाग फुगीर होतो. वर पतंगी कागद किंवा जुन्या ओढणीचे पातळ कापड चिकटवावे. दिवाळीचा कंदील शाबूत असेल, तर त्याचाच सांगाडा नव्याने मढवावा.

भिंत व झाड : मागील पडद्याला आईची किंवा आजीची जुनी काठाची साडी, तोरणाला आंब्याची पाने व झेंडू, टांगायला जुन्या लग्नपत्रिकांतून कापलेले तारे. नाताळवृक्ष म्हणून वाळून गळालेली फांदी चुन्याने रंगवून कुंडीत रोवावी. कापसाचा बर्फ न पसरला तरी चालेल. पाचाडला बर्फ पडत नाही आणि बेथलेहेमातही तो क्वचितच पडतो.

काही पथ्ये

पेंढा, कागद आणि कापूस यांच्याजवळ मेणबत्ती किंवा पणती लावू नये. छोटा एलईडी दिवा पुरे. जुन्या दिव्यांच्या माळेची तार सोललेली असल्यास ती माळ वापरू नये. काटकसर जिवावर बेतता कामा नये. रानातून आणायचे ते गळालेले, वाळलेले आणावे. जिवंत झाड तोडू नये, झाडांवरील शेवाळ व आमरी ओरबाडू नये. आणि गडाच्या परिसरातील एक दगडही उचलू नये. रायगड संरक्षित स्मारक असून ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. ‘सापडलेली वस्तू’ आणि ‘सर्वांच्या मालकीची वस्तू’ यांतील भेद मुलांना शिकवण्याची ही चांगली संधी आहे.

काटकसर कोणी करायची?

शेवटी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले. त्याच दिवशी तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. पाणी ओसरल्यावर घराघरांतील सामान चिखलाने माखून रस्त्यावर आले होते. ज्यांचे सारे वाहून गेले, त्यांना काटकसरीचे पाठ देणे हा त्यांचा अपमान ठरेल. टाकाऊतून टिकाऊ करण्याची कला गरिबांना कोणी शिकवावी लागत नाही. ती त्यांच्याकडूनच आपण शिकलो आहोत.

काटकसर करायची आहे ती ज्यांच्यापाशी आहे त्यांनी. ऐपत असलेल्या घराने हौसेने मातीचा आणि पेंढ्याचा गोठा केला, तर शेजारच्या घरातील मातीच्या गोठ्याची कोणाला लाज वाटणार नाही. धर्मग्रामातील गोठा स्पर्धेलाही एकच नियम घालता येईल : या वर्षासाठी नवे काहीही विकत घ्यायचे नाही. मग परीक्षकांना हात आणि कल्पना यांचेच गुण द्यावे लागतील, आणि अंगणातील किल्ल्यासारखी बरोबरी गोठ्यातही येईल. वाचलेले पैसे कोठे द्यावेत, हे प्रत्येक कुटुंबाला आपल्या आसपास पाहून सहज कळेल.

नोकरीधंद्यानिमित्त चर्चपासून दूर, महाड-पोलादपूरसारख्या भागात एकेकटी राहणारी आपली कुटुंबेही आहेत. त्यांच्या दारातील गोठा हीच कदाचित त्या आळीतील नाताळची एकमेव खूण असेल. तो बांधताना शेजारच्या मुलांना अवश्य बोलवावे. दिवाळीत त्यांनी किल्ला बांधलेला असतो. माती कशी कालवायची आणि गोणपाट कसे पसरायचे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

सर्व वाचकांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.