चांदोलीत तंबू कुठे ठोकावा?

तंबू, स्टोव्ह आणि दोन दिवसांचा शिधा गाडीत टाकून निघालेल्या रत्नागिरीच्या जोडप्याला राष्ट्रीय उद्यान पाहायला थेट विदर्भात जाण्याची गरज नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सांध्यावर 317.67 चौरस किलोमीटरचे चांदोली राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. 1985 साली ते अभयारण्य झाले, 2004 साली राष्ट्रीय उद्यान, आणि 2010 पासून कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपुरातून मान वर केली की प्रचितगडाचा कडा दिसतो आणि त्याच्या पाठीमागे हे जंगल सुरू होते. गाडीला मात्र तो कडा चढता येत नाही. पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा, मलकापूरहून कोकरूडकडे वळायचे आणि शेडगेवाडी, आरळामार्गे वारणेच्या धरणाजवळच्या मणदूरला पोहोचायचे, असा हा लांबचा वळसा आहे. तो सोसण्यासारखा आहे, कारण अर्ध्या दिवसात सह्याद्रीच्या दोन्ही बाजू समजतात. कड्याच्या अलीकडचा पाऊस शास्त्री नदीतून जयगडच्या खाडीला मिळतो. पलीकडचा वारणेतून कृष्णेला आणि तिच्याबरोबर पार बंगालच्या उपसागराला.

इथवर आलेल्यांना उद्यानात दिवसा, परवानगी काढून, वाटाड्या घेऊन फिरता येते. मुक्कामाचा तंबू मात्र आत ठोकता येत नाही, आणि अनेकांचा विरस इथेच होतो. माझ्या मते हा नियम योग्य आहे आणि तो आणखी काटेकोरपणे पाळला जावा. त्याचे पहिले कारण जंगलाच्या वेळापत्रकात आहे. सांबर, गवा, बिबट्या आणि अस्वल यांचा वावर मुख्यतः अंधार पडल्यावर सुरू होतो, आणि तंबूसाठी माणूस जी जागा निवडतो, म्हणजे पाण्याजवळची सपाट मोकळी जमीन, नेमकी तीच त्यांची चरण्याची आणि पाण्यावर उतरण्याची जागा असते. दुसरे कारण सड्यावर दिसते. झोळंबीसारख्या सड्यावर जांभ्याच्या कातळावर मातीचा जेमतेम थर असतो. पावसाळ्यात त्यावर उगवलेले गवत हिवाळ्याअखेर वाळून कोळ होते. तिथे शेकोटीची एक ठिणगी वाऱ्यावर गेली, तर ती विझवायला जवळपास पाणी नसते.

तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते. हे रान पूर्वी निर्जन नव्हते. गोठणे, निवळे, झोळंबी अशी गावे इथे नांदत होती. धरण आणि पुढे उद्यान यांच्यासाठी ती उठली. घरांची जोती, देवळांचे अवशेष, परसातले आंबे आणि फणस अजून जागेवर आहेत. जुन्या भातखाचरांत गवत माजले आहे आणि गवे तिथे चरतात. पुनर्वसनासाठी या माणसांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, तरी सगळ्यांच्या पदरात मनासारखी जमीन पडली असे म्हणता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिथे चूल पेटली ती जागा ज्यांनी सोडली, त्यांच्याच जोत्याशेजारी शनिवार-रविवारच्या पाहुण्याने स्टोव्ह पेटवण्याचा हक्क सांगणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय त्यांच्या त्यागाचे फळ आता कुठे दिसू लागले आहे: नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. एवढ्या मोलाने मिळालेली शांतता तिला लाभू द्यायला हवी.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. अमेरिकेतल्या योसेमिटीसारख्या उद्यानात कुटुंबेच्या कुटुंबे तंबूत राहतात, मग इथेच बंदी का? पण तिथे तंबूंच्या जागा आखलेल्या असतात, अस्वलांना उघडता येणार नाहीत अशा लोखंडी पेट्यांत अन्न ठेवणे सक्तीचे असते आणि देखरेखीला माणसे असतात. शिवाय त्या उद्यानाचे क्षेत्र सुमारे तीन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे चांदोलीच्या नऊपटींहून अधिक आहे. दुसरा आक्षेप असा की दोन शांत माणसांनी काय बिघडते? एका जोडप्याने फार काही बिघडणार नाही, हे खरेच. पण परवानगी एकाला दिली की दर शनिवारी किती गाड्या येतील, याचा अंदाज आंबा घाटातली सुट्टीची गर्दी पाहिलेल्या कुणालाही करता येईल. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: अशा बंदीने साध्या माणसाचा तंबू तेवढा हटतो आणि कडेच्या महागड्या रिसॉर्टांचे फावते. ही तक्रार मला मान्य आहे.

तिच्यावर उपाय हद्दीबाहेर आहे. मणदूर परिसरात आणि कोकणच्या अंगाला शृंगारपुरात गावाच्या जमिनीवर तंबूंच्या जागा आखाव्यात. पाणी आणि शौचालयाची सोय करावी. भाडे माफक ठेवून ते ग्रामपंचायतीकडे जावे. आणि वाटाड्यांच्या कामात उठलेल्या गावांतल्या तरुणांना पहिला मान मिळावा. या पायवाटा आणि पाणवठे त्यांच्या घरातल्या थोरांना ठाऊक आहेत. शृंगारपूर तर येसूबाईंचे माहेर, शिर्क्यांचे गाव. तिथे मुक्काम करून परवानगीने प्रचितगडाची वाट धरणाऱ्याला घाटाचा वळसाही घालावा लागणार नाही. जिल्ह्याच्या पर्यटनाचा सगळा भर गणपतीपुळे आणि समुद्रकिनाऱ्यांवर असताना, संगमेश्वरच्या या डोंगराळ टोकाला अशी एक जागा तयार करायला फार पैसा लागणार नाही.